जोडीतला एक बैल बसला तर : दोन इंजिनांच्या छोट्या विमानांचे अपघात

३ मे २०२४ रोजी महाडमध्ये एक हेलिकॉप्टर उतरता उतरता कोसळले. लोकसभा निवडणुकीच्या प्रचारासाठी आलेल्या नेत्यांना घेऊन जाण्यासाठी ते आले होते. वैमानिक बचावले. महाड-पोलादपूरच्या शाळांत साहजिकच तो चर्चेचा विषय झाला. मुलांच्या प्रश्नांपैकी एक प्रश्न आम्हांला महत्त्वाचा वाटला : असल्या प्रवासाला दोन इंजिनांचे विमानच का वापरू नये? एक बंद पडले तर दुसरे आहेच की!

हा तर्क केवळ मुलांचाच नाही. जाणत्या माणसांनीही याच तर्काने दोन इंजिनांची छोटी विमाने पसंत केली. मात्र अशा विमानांच्या अपघातांचा इतिहास पाहिला तर हे उत्तर वाटते तितके सरळ नाही. या लेखात आपण तो इतिहास, आणि त्यामागचे शाळेच्या भौतिकशास्त्रात बसणारे कारण पाहणार आहोत.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, ते पस मॉथ या एकाच इंजिनाच्या विमानातून. त्या काळी इंजिन हवेत बंद पडणे ही नवलाची गोष्ट नव्हती. वैमानिक उडता उडता खालची शेते, वाळवंटे, नदीची पात्रे पाहून ठेवत. वेळ आली तर तेथे उतरत. प्रवासी विमाने मोठी होत गेली तशी दोन, तीन, चार इंजिने आली. चार-सहा माणसांच्या छोट्या विमानाला दोन इंजिने लावण्याची चाल मात्र दुसऱ्या महायुद्धानंतरची. अमेरिकेत १९५४ च्या सुमारास पायपर अपाची आणि सेसना ३१० ही विमाने बाजारात आली आणि उद्योगपती, डॉक्टर, वकील अशा हौशी वैमानिकांनी ती हौसेने घेतली. अपाचीची पहिली इंजिने प्रत्येकी १५० अश्वशक्तीची होती. पुढे १९६४ मध्ये बीचक्राफ्ट कंपनीचे किंग एअर उडाले. दोन टर्बोप्रॉप इंजिनांचे हे विमान जगभर चालले. आपल्याकडे राज्य सरकारे, सीमा सुरक्षा दल आणि मोठे उद्योग यांच्याकडे त्याच्या वेगवेगळ्या आवृत्त्या आल्या.

अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने १९७९ मध्ये एक विशेष अभ्यास प्रसिद्ध केला. विषय होता १९७२ ते १९७६ या पाच वर्षांत इंजिन बंद पडल्यानंतर झालेले दोन इंजिनांच्या हलक्या विमानांचे अपघात. असे अपघात शेकड्यांनी होते. त्या काळच्या आकड्यांतून एक चमत्कारिक गोष्ट पुढे आली. इंजिन बंद पडून अपघात झालाच, तर तो जीवघेणा ठरण्याचे प्रमाण एका इंजिनाच्या विमानांपेक्षा दोन इंजिनांच्या विमानांत कितीतरी जास्त होते.

येथे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना थोडे थांबवावे. या आकड्यावरून 'दोन इंजिने वाईट' असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. एक इंजिन बंद पडल्यावर दुसऱ्याच्या आधाराने जी विमाने सुखरूप विमानतळावर उतरली, त्यांचा अपघात झालाच नाही. म्हणून ती या यादीत नाहीत. एका इंजिनाच्या विमानाचे इंजिन बंद पडले तर मात्र ते शेतात उतरते, चाक मोडते आणि 'अपघात' म्हणून नोंदले जाते. संख्याशास्त्रात मोजलेले काय आणि न मोजलेले काय, हे आधी विचारावे लागते. एवढी वजावट करूनही प्रश्न उरतोच : हाताशी एक चालू इंजिन असताना माणसे मरतात का?

गाडी एका बाजूला का वळते?

बैलगाडीला जोडलेल्या दोन बैलांपैकी एक चालता चालता बसला आणि दुसरा ओढतच राहिला, तर गाडी सरळ पुढे जात नाही. बसलेल्या बैलाच्या बाजूला वळते. गाडीवान कासरा ओढून चालत्या बैलाला थांबवतो. विमानाची इंजिने अशीच, दोन पंखांवर, मध्यापासून दूर बसवलेली असतात. डावे बंद पडले की उजवे विमानाला डावीकडे फिरवू लागते. हा वळवण्याचा जोर म्हणजे चालू इंजिनाचे बल गुणिले त्याचे मध्यरेषेपासूनचे अंतर.

त्याला तोंड देण्यासाठी वैमानिकाजवळ शेपटीवरचा उभा रडर असतो. तो पायाने चालवतात. पण रडर म्हणजे शेवटी वाऱ्यात आडवा धरलेला पत्रा. त्याच्यावर येणारे बल विमानाच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग १०० नॉटवरून ७० नॉटवर आला तर रडरचे बल सुमारे निम्म्यावर येते, कारण ०.७ चा वर्ग ०.४९ होतो. चालू इंजिनाचा जोर मात्र तेवढा कमी होत नाही; हळू वेगात प्रॉपेलर उलट जास्तच ओढतो. म्हणजे एका ठरावीक वेगाखाली पाय पूर्ण दाबला तरी रडर कमी पडणार. या वेगाला किमान नियंत्रण वेग म्हणतात. वेगदर्शकावर त्या जागी लाल रेघ असते. तिच्या खाली पूर्ण शक्तीने एक इंजिन चालवत राहिल्यास विमान आधी वळते, मग एका पंखावर कलंडते आणि पाठीवर पडते. जमीन जवळ असेल तर सारा खेळ काही सेकंदांचा.

गंमत अशी की दोन्ही इंजिने सारखी असली तरी ती बंद पडण्याचा परिणाम सारखा नसतो. बहुतेक अमेरिकी विमानांत दोन्ही प्रॉपेलर मागून पाहिल्यास घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात. नाक वर करून हळू उडताना खाली येणारे पाते जास्त ओढते, आणि ते प्रत्येक इंजिनाच्या उजव्या अंगाला असते. त्यामुळे उजव्या इंजिनाचा ओढ-बिंदू मध्यापासून जरा लांब सरकतो. म्हणून डावे इंजिन बंद पडणे अधिक वाईट.

आंबेनळी घाट आणि उरलेली ताकद

आता दुसरा मुद्दा. वळण सावरले तरी विमान वर चढेल का? 'एक इंजिन गेले म्हणजे निम्मी ताकद गेली, निम्म्या गतीने चढेल' असे सहज वाटते.

पोलादपूरहून महाबळेश्वरला निघालेली एसटी डोळ्यांपुढे आणा. सपाट रस्त्यावर नुसते चालत राहण्यासाठी तिला काही ताकद लागतेच. आंबेनळी घाट चढायला लागते ती त्यावरची जास्तीची ताकद. विमानाचेही तसेच. समजा, दोन इंजिनांची मिळून ताकद ३०० एकके आहे आणि न चढता, न उतरता उडण्यासाठी १२० एकके लागतात. चढण्यासाठी उरली १८०. आता एक इंजिन गेले. ताकद राहिली १५०. बंद इंजिनाचा प्रॉपेलर वाऱ्याने फिरत राहून अडथळा करतो, विमान किंचित तिरपे उडते, म्हणून नुसते उडायलाच आता १२० ऐवजी १३५ एकके लागतात असे धरू. चढण्यासाठी उरली १५. ताकद निम्मी झाली, पण चढण्याची क्षमता १८० वरून १५ वर आली! हे आकडे आम्ही सोयीसाठी घेतले आहेत, पण प्रत्यक्षातही छोट्या विमानांत चढण्याची क्षमता ८० ते ९० टक्क्यांनी घटते. उन्हाळ्यातली विरळ हवा, जास्तीचे एखादे माणूस, उघडी राहिलेली चाके, यांतले एक जरी वाढले तरी ते १५ शून्याखाली जातात.

पोलादपूर ते महाबळेश्वर हे अंतर सरळ रेषेत सुमारे २० किलोमीटर आहे, आणि महाबळेश्वरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर उंच. १०० नॉट, म्हणजे मिनिटाला सुमारे ३.१ किलोमीटर वेगाने जाणारे विमान हे अंतर साडेसहा मिनिटांत कापते. मिनिटाला १००० फूट चढत असेल तर तेवढ्यात ते जवळजवळ २००० मीटर चढून पठारावरून पार होईल. एका इंजिनावर मिनिटाला २०० फूट चढत असेल तर जेमतेम ४०० मीटर चढेल, आणि समोर सह्याद्रीची भिंत असेल. हे उदाहरण नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर सोडवून घेण्यासारखे आहे.

विशेष म्हणजे अमेरिकेतील जुन्या नियमांत ६००० पौंडांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे २७०० किलोपर्यंतच्या, आणि ६१ नॉट किंवा त्याहून कमी वेगाला स्टॉल होणाऱ्या दोन इंजिनी विमानाने एका इंजिनावर वर चढलेच पाहिजे अशी अटच नव्हती. स्टॉल म्हणजे पंखावरून नीट वाहणारी हवा सुटून पंखाची उचल कोसळणे. किती विकत घेणाऱ्यांना ही अट नसल्याचे ठाऊक असेल, अशी शंका येते. दुसरे इंजिन तुम्हांला अपघाताच्या जागेपर्यंत नेऊन पोचवते, असा एक कडवट विनोद वैमानिकांत प्रचलित आहे, तो उगाच नाही.

आता १९७० च्या दशकातले ते आकडे पुन्हा पाहू. एका इंजिनाच्या विमानाच्या वैमानिकाला इंजिन बंद पडल्यावर पर्यायच नसतो. तो नाक खाली करतो, वेग राखतो आणि सापडेल त्या शेतात, ताब्यात असलेले विमान टेकवतो. दोन इंजिनांच्या वैमानिकाला आशा असते. तो उंची टिकवण्यासाठी नाक वर धरून ठेवतो. वेग लाल रेघेखाली जातो. मग विमान ताब्यात राहत नाही.

शिकवताना झालेले अपघात

हे सारे शिकवले जात नव्हते असे नाही. उलट, १९६० च्या दशकात शिकवतानाच बरेच जण मेले. पायपरचे ट्विन कोमांचे हे विमान त्यासाठी बदनाम झाले. प्रशिक्षक मुद्दाम एक इंजिन मंद करी आणि विद्यार्थ्याकडून वेग हळूहळू किमान नियंत्रण वेगापर्यंत उतरवून घेई. जमिनीजवळ केले तर चूक सावरायला उंची नाही, म्हणून वर जाऊन करावे, तर तेथे वेगळाच सापळा होता. उंचावर विरळ हवेत इंजिनाची ताकद कमी होते, त्यामुळे किमान नियंत्रण वेगही खाली उतरतो. वेगदर्शकावरचा स्टॉलचा वेग मात्र तेवढाच राहतो. एका उंचीवर दोन्ही एकत्र येतात. तेथे विमान एकाच क्षणी स्टॉलही होते आणि एका बाजूला ओढलेही जाते, म्हणजे भोवऱ्यासारखे गरगरत खाली येते. दोन इंजिनी विमान अशा गरगरण्यातून बाहेर काढणे फार कठीण.

पुढे १९७० च्या सुमारास पायपरने दोन प्रॉपेलर एकमेकांच्या विरुद्ध दिशेने फिरणारे ट्विन कोमांचे काढले. सेसनाने तर आधीच, १९६० च्या दशकात, स्कायमास्टर या विमानात एक इंजिन नाकावर आणि दुसरे शरीराच्या मागे बसवून वळण्याचा प्रश्नच मिटवला होता. एक बैल दुसऱ्याच्या मागे जुंपावा तसे. तरीही स्कायमास्टरचे अपघात व्हायचे ते झालेच. मागचे इंजिन बंद पडले तरी विमान वळत नसल्यामुळे काहींना ते कळलेच नाही, आणि त्यांनी एकाच इंजिनावर धावपट्टीवरून उड्डाण करण्याचा प्रयत्न केला. धोक्याबरोबर धोक्याची खूणही नाहीशी झाली होती.

कोणते इंजिन बंद पडले हे ओळखणे, हीही एक अवघड पायरी आहे. नियम सोपा आहे : सरळ राहण्यासाठी एक पाय दाबावा लागतो, जो पाय मोकळा राहतो, त्या बाजूचे इंजिन बंद. मग त्याचा प्रॉपेलर फेदर करायचा, म्हणजे पाती वाऱ्याला धारेने लावायची, की अडथळा घटतो. कागदावर सोपे, पण भीतीच्या त्या चार सेकंदांत हात चुकतो. ४ फेब्रुवारी २०१५ रोजी तैपेई येथे ट्रान्सएशिया कंपनीच्या एटीआर ७२ या प्रवासी विमानाचे एक इंजिन निकामी झाले आणि वैमानिकाने चालू असलेलेच मागे ओढून बंद केले. ४३ माणसे गेली. ३० जून २०१९ रोजी अमेरिकेत टेक्सासमधील ॲडिसन येथे किंग एअर ३५० च्या डाव्या इंजिनाची शक्ती उड्डाणानंतर काही सेकंदांत घटली. वैमानिकाने प्रथम डावा पाय दाबला. दाबायला हवा होता उजवा. विमानातील दहाही जण मृत्यू पावले.

गणितातली संभाव्यता

एका उड्डाणात एक इंजिन बंद पडण्याची संभाव्यता 'प' असेल तर दोनपैकी किमान एक बंद पडण्याची संभाव्यता २प − प² होते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. दोन इंजिने घेतली की इंजिन बंद पडण्याचे प्रसंग वाढतात! दोन्ही बंद पडण्याची संभाव्यता प², म्हणजे अगदी नगण्य. मात्र हे गणित दोन्ही इंजिने एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे धरून केलेले आहे. इंधन संपले, इंधनात पाणी मिसळले, तर दोन्ही एकाच कारणाने थांबतात. २ जुलै १९३७ रोजी प्रशांत महासागरावर नाहीशी झालेली अमेलिया इअरहार्ट लॉकहीड इलेक्ट्रा या दोन इंजिनांच्या विमानात होती. तिच्या शेवटच्या संदेशांपैकी एकात इंधन कमी होत चालल्याचा उल्लेख होता.

दोन्ही इंजिनांना सामाईक असलेली आणखी एक गोष्ट म्हणजे वैमानिक, आणि आणखी एक म्हणजे आभाळ. आपल्या देशातील अपघात पाहिले तर ही दोनच प्रामुख्याने दिसतात.

४ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्याहून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे एचएस ७४८ विमान पावसाळी हवेत पनवेलजवळच्या डोंगरावर आदळले आणि ४५ जण मृत्युमुखी पडले. हे विमान छोटे नव्हते, पण इंजिने दोनच, आणि जागा आपल्याच जिल्ह्यातली. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. श्रावणात ढग सह्याद्रीच्या माथ्यावर बसतात आणि डोंगर त्यांच्या पोटात असतो, हे महाड-पोलादपूरच्या माणसाला सांगायला नको. ९ जुलै १९९४ रोजी पंजाबचे राज्यपाल सुरेंद्रनाथ आपल्या कुटुंबीयांसह सरकारी विमानाने जात असताना हिमाचल प्रदेशातील डोंगरात असेच गेले. ३० सप्टेंबर २००१ रोजी ग्वाल्हेरच्या मराठी राजघराण्यातील माधवराव शिंदे दिल्लीहून कानपूरला किंग एअर सी-९० मधून निघाले. खराब हवेत उत्तर प्रदेशातील मैनपुरी जिल्ह्यात विमान कोसळले आणि आठही जण गेले.

२२ डिसेंबर २०१५ ची घटना तर अभ्यासण्यासारखी आहे. सीमा सुरक्षा दलाचे सुपर किंग एअर दिल्लीहून उडाले आणि काही क्षणांतच द्वारका भागात पडले. दहा जण मरण पावले. इंजिन बिघडले असेल असेच पहिल्याने लोकांना वाटले. चौकशीत आढळले ते वेगळे. धुक्यात, पुरेशी उंची गाठण्याआधीच वैमानिकांनी स्वयंचालक यंत्रणा लावली, पण तिला कोणत्या दिशेने जायचे हे सांगणारी कळ निवडली नाही. विमान डावीकडे कलत गेले आणि ते वेळीच सावरले गेले नाही. २१ फेब्रुवारी २०१७ रोजी मेलबर्नजवळच्या एसेंडन विमानतळावरही किंग एअर असेच डावीकडे ओढत जाऊन एका इमारतीवर पडले. पाच जण गेले. तेथे रडरचा ट्रिम, म्हणजे पायावरचा भार हलका करण्यासाठी रडर ठरावीक कोनात ठेवणारी योजना, टोकापर्यंत डावीकडे फिरवलेला राहिला होता.

आणि मग घाटकोपर. २८ जून २०१८, भर दुपार, भर पावसाळा. कित्येक वर्षे न उडालेले, दुरुस्त केलेले एक किंग एअर सी-९० चाचणीसाठी जुहूहून निघाले होते. माधवराव शिंदे यांचे विमान होते त्याच जातीचे. ते घाटकोपर पश्चिमेच्या दाट वस्तीत, बांधकाम चालू असलेल्या एका इमारतीच्या आवारात पडले. मजूर जेवायला गेले होते म्हणून फार मोठा अनर्थ टळला. विमानातील चौघे आणि रस्त्याने जाणारा एक पादचारी असे पाच जण मृत्यू पावले. वैमानिकाने वस्ती टाळून विमान मोकळ्या जागेकडे नेले, असे त्या दिवशी सर्वत्र म्हटले गेले. अशा बातमीने मनाला आधार मिळतो. कारणाचा शोध तिने पुढे जात नाही. अशा हवेत चाचणी-उड्डाण का करू दिले, हा प्रश्न मात्र त्याच दिवशी विचारला गेला आणि तो योग्य होता. पुढे आलेल्या चौकशी अहवालाने वैमानिकांचे परिस्थितीवरील भान सुटल्याचे आणि विमान स्टॉल झाल्याचे कारण नोंदवले. चाचणीच्या उड्डाणात वैमानिकाचे अर्धे लक्ष काट्यांकडे असते. बाहेर ढग, खाली शहर. वेग कमी झाल्याचे कळेपर्यंत उंची उरत नाही.

बारामती, शिरपूर, गोंदिया येथील संस्थांत आज मराठी मुले-मुली वैमानिक होण्यासाठी जातात. आपले काही विद्यार्थीही जातील. त्यांना एक इंजिन बंद पडल्याचा सराव आता बऱ्याच अंशी सिम्युलेटरमध्ये देता येतो. जमिनीवर पक्क्या बसवलेल्या खोलीत ५० फुटांवर इंजिन बंद पाडता येते, चुकीचा पाय दाबता येतो, 'मरता' येते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येते. ट्विन कोमांचेच्या काळात ही सोय नव्हती.

३० ऑक्टोबर २०१४ रोजी अमेरिकेत विचिटा येथे एका किंग एअर बी-२०० च्या डाव्या इंजिनाची शक्ती उड्डाण करताच घटली. वैमानिक एकटाच होता. विमान डावीकडे वळत, उंची गमावत विमानतळाच्याच आवारातील एका इमारतीच्या छतावर आदळले. वैमानिक गेला, आणि इमारतीतले तिघे गेले. ती इमारत वैमानिकांच्या प्रशिक्षण केंद्राची होती, आणि ते तिघे त्या वेळी सिम्युलेटरमध्ये बसलेले होते.